बिनमिठाचा भात

१

"हा आमचा कागद नव्हे," दत्तप्रसाद लोटलीकर म्हणाले आणि फ्रेम हातात धरून बाल्कनीच्या उजेडात तसेच उभे राहिले. "हा प्रिंट आहे. कलर प्रिंट."

लोटलीकरांच्या हॉलमध्ये अर्चनाने पोह्यांची बशी खाली ठेवली. शुक्रवार होता. आठवड्यातली एकुलती एक निवांत सकाळ होती, आणि तिला आता पुढचं सगळं दिसायला लागलं होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या रंगाच्या कारखान्यात ती क्वालिटी ऑडिटर होती. सहा दिवस लोकांच्या फायलींतल्या चुका शोधायच्या आणि सातव्या दिवशी मराठी मंडळाची सेक्रेटरी म्हणून मंडळाच्या हरवलेल्या वस्तू शोधायच्या. दोन वर्षांत तिने दोन माइक, एक समई आणि गणपतीचं अख्खं मखर शोधून दिलं होतं. एकदाही कोणी 'बस, तू दमली असशील' म्हटलं नव्हतं.

"नीट बघा भावजी. काचेमुळे वाटत असेल."

"वहिनी, अडीचशे वर्षांचा कागद आणि काल छापलेला कागद यातला फरक मला कळतो!"

फ्रेममधलं पत्र साधंसुधं नव्हतं. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळी अडीचशे वर्षं कॅथलिक धर्मन्यायालय चालत होतं, इन्क्विझिशन. बाटवलेल्या माणसाने घरात जुना रीतिरिवाज पाळला तरी त्याला धरून न्यायचे. आरोप काय ते सांगायचे नाहीत, आरोप कोणी केला तेही सांगायचे नाहीत, नुसतं कबूल कर म्हणायचे. लोटलीकरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, की त्यांचे मूळपुरुष विठोबा शेणवी या न्यायालयाच्या छळाला कंटाळून रातोरात मालवणकडे पळाले, आणि हे पोर्तुगीज पत्र म्हणजे त्यांच्या नावाचं वॉरंट. घरात पोर्तुगीज कोणालाच येत नव्हतं. पत्र देव्हाऱ्याशेजारी पुजलं जाई. येत्या शुक्रवारी मंडळात दत्तप्रसादांचं याच विषयावर व्याख्यान होतं. शारजाहून पोर्तुगीज जाणणारे एक निवृत्त प्राध्यापक खास ते पत्र बघायला येणार होते.

"मला विचाराल तर केस सरळ आहे," सोफ्यावरून सुजीत म्हणाला. सुजीत मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या मते सगळ्याच केसेस सरळ असायच्या. "काल संध्याकाळी या खोलीत एकटं कोण बसलं होतं? दहा मिनिटं?"

दत्तप्रसादांच्या बायकोने, शोभनाने, स्वयंपाकघराच्या दाराशी मान खाली घातली. "इनास आले होते," ती हळूच म्हणाली. "फ्रेम बघायला. मी चहा टाकत होते."

"कॅथलिक माणूस," सुजीत म्हणाला. "त्यांच्या चर्चची लाज चारचौघांत निघणार होती. खलास. अजून काय प्रूफ पाहिजे?"

इनास बार्रेटो खालच्याच मजल्यावर राहत होता. मूळचा गोव्यातल्या साष्टीचा, अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत ड्राफ्ट्समन. दत्तप्रसादांचं ऑफिसही मुसफ्फातच, आणि गेली सहा वर्षं दोघे पहाटे एकाच गाडीने अबू धाबीचा रस्ता धरत होते.

"सुजीत, प्रूफ म्हणजे काय ते मी तुला एकदा शिकवेन," अर्चना म्हणाली. "मला दोन-तीन दिवस द्या. तोवर कोणी कोणाला काही बोलायचं नाही. प्लीज."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी साडेबाराला इनासच्या कंपनीने त्याला कामावरून बाजूला केलं.

२

"कंप्लेंट आलीय म्हणाले, अर्चनाबाय." इनास आपल्या हॉलमध्ये अजून ऑफिसच्या कपड्यांतच बसला होता. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. दोन्ही हात गुडघ्यांवर. "जुना मौल्यवान कागद चोरला म्हणून. कोणी केली विचारलं तर मॅनेजर म्हणाला, कॉन्फिडेन्शियल. कोणता कागद विचारलं तर म्हणाला, तुला माहीत आहे. सही कर, कबूल कर, व्हिसा कॅन्सल करून गुपचूप घरी पाठवतो, पोलिसात जात नाही. बुधवारपर्यंत विचार कर म्हणाला."

"आणि पासपोर्ट?"

"तो कंपनीकडेच असतो ना."

अर्चनाला भयंकर संताप आला. "अहो, पण तुम्ही मोठ्याने ओरडलात का नाही? टेबल का नाही आपटलंत?"

"तेवीस वर्षं झाली इथे," इनास म्हणाला. "टेबल आपटणारे सगळे परत गेले."

तिने वही उघडली. पत्र जानेवारीत दोन आठवडे इनासकडे होतं. आजोबांकडून शिकलेली थोडी पोर्तुगीज त्याला येई, म्हणून दत्तप्रसादांनीच ते वाचायला दिलं होतं. अक्षर लागत नाही म्हणून त्याने परत केलं.

"खरंच लागलं नाही?"

इनासने खिडकीकडे पाहिलं. "जुनं अक्षर."

ऑडिटमध्ये असं उत्तर आलं की अर्चना त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. तिने रेघ मारली.

"ती कंप्लेंट कशी आली? पत्र? फोन?"

"फॅक्स होता. मॅनेजरच्या हातात. सही नव्हती खाली. मी ड्राफ्ट्समन, उलटं वाचायची सवय असते. वरच्या ओळीत पाठवणाऱ्याचा नंबर छापून येतो. शेवटचे चार आकडे वाचले मी."

"कोणते?"

"ते जाऊ दे, बाय."

"इनासभाऊ, मी दिवसभर कारखान्यात डोकं फोडून इथे आलेय. आकडे सांगा."

त्याने तिच्याच वहीत लिहिले: ४४१६. आकडे आठवायला तो जराही थबकला नाही, आणि ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. त्याला तो नंबर ओळखीचा होता.

३

फ्रेम करणाऱ्या शौकतचं दुकान अल कुसैसच्या मागच्या गल्लीत होतं. अर्चनाने फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली. मागे तपकिरी टेप चारही बाजूंनी घट्ट होता, आणि कोपऱ्यावर दुकानाचा शिक्का, अर्धा टेपवर, अर्धा पुठ्ठ्यावर.

"शौकतभाई, यह टेप किसी ने खोलकर दोबारा लगाया है?"

शौकतने चष्मा चढवला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "नहीं बाजी. मेरा मोहर देखो, लाइन बराबर मिलती है. एक बार खुला तो फिर ऐसा नहीं बैठता."

"और अंदर का काग़ज़? पुराना था? हाथ लगाकर देखा?"

"लोटलीकर साहब बुधवार को ख़ुद लाए. प्लास्टिक कवर में था. बोले, निकालना मत, टूट जाएगा. हमने कवर समेत लगा दिया."

म्हणजे गुरुवारी संध्याकाळी इनास एकटा बसला तेव्हा फ्रेममध्ये खरं पत्र नव्हतंच. अदलाबदल आधीच झाली होती, आणि बुधवारी दत्तप्रसादांनी कव्हरमधला प्रिंटच दुकानात नेऊन दिला होता. अर्चनाने सुजीतला तिथूनच फोन लावला.

"ठीक आहे," तो म्हणाला, "मग जानेवारीत बदललं असेल. दोन आठवडे त्याच्याकडेच होतं की."

हे मात्र शक्य होतं. तिने चडफडत शौकतकडून टेप कापून घेतला आणि प्रिंट बाहेर काढला. डाव्या खालच्या कोपऱ्यात पिवळसर डाग होता, चंद्रकोरीसारखा.

तो डाग तिने स्वतः पडताना पाहिला होता. तीन आठवड्यांपूर्वी मंडळाच्या मीटिंगमध्ये सुजीतने हातवारे करता करता चहा सांडला होता आणि शोभना कापूस घेऊन धावली होती. इनासने पत्र परत केल्यावर पंधरा दिवसांनी.

"सुजीत, ऐकतोयस? डाग प्रिंटमध्येही आलाय. म्हणजे हा प्रिंट काढला तो तू चहा सांडल्यानंतर. तेव्हा पत्र इनासकडे नव्हतंच."

मग सुजीत म्हणाला, "पण वहिनी, मग ते होतं कुठे?"

"लोटलीकरांच्या घरात, देव्हाऱ्याशेजारी."

फोन ठेवून तिने प्रिंट दुकानाच्या ट्यूबलाइटखाली धरला. मूळ पत्राला वाळवीने बारीक बारीक भोकं पाडली होती. प्रिंटमध्ये त्या भोकांच्या जागी पांढरं दिसायला हवं होतं. तिथे पांढरं नव्हतं. प्रत्येक भोकातून हिरव्या रेघांचे इवलेसे चौकोन दिसत होते.

४

"ग्राफ पेपर!" सोमवारी संध्याकाळी सुजीत जवळजवळ नाचला. "ड्राफ्ट्समन वहिनी! ग्राफ पेपर कोण वापरतं?"

"ड्राफ्ट्समन गेली आठ वर्षं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतात," अर्चना म्हणाली. "इनासच्या घरात मी साधी फूटपट्टीसुद्धा पाहिली नाही. तू आता घरी जा. यल्ला, चल."

तिने त्याला लिफ्टपर्यंत सोडलं, कारण नाहीतर तो गेला नसता, आणि लोटलीकरांकडे येऊन त्यांच्या मुलीच्या खोलीचं दार वाजवलं. मुग्धा सतरा वर्षांची, दुबईतच वाढलेली, बारावीला. टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी स्कॅनर आणि कलर प्रिंटर, आणि भिंतीला टेकून फिजिक्सची प्रॅक्टिकल फाइल. हिरव्या रेघांच्या पानांनी फुगलेली.

"नाजूक कागद स्कॅन करताना मागे काहीतरी ठेवावं लागतं," अर्चना कॉटवर बसत म्हणाली. "हाताशी जे असेल ते ठेवलंस. बरोबर?"

मुग्धाने पेन खाली ठेवलं. "आय डिडन्ट स्टील इट, मावशी."

"मला माहीत आहे. पण का?"

"आय जस्ट वॉन्टेड टु रीड इट. फ्रेंच येतं मला, थोडं थोडं जुळतं. म्हणून स्कॅन करून मोठं केलं, वर्ड बाय वर्ड नेटवर शोधलं. टू वीक्स. अँड देन आय वॉज सो स्केअर्ड. ते सर शारजाहून येणार आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार. बाबा वुड डाय, मावशी. म्हणून प्रिंटमधले मेन वर्ड्स ब्लर करून तो कव्हरमध्ये ठेवला."

"काय आहे त्यात?"

मुग्धाने फाइलमधून एक पान काढलं. तिच्या वळणदार इंग्रजी अक्षरात भाषांतर होतं. अर्चनाने ते वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं.

"तू गप्प राहिलीस," ती शेवटी म्हणाली, "आणि खाली इनासकाकांची नोकरी चाललीय, हे तुला ठाऊक आहे?"

मुग्धाने फाइल मिटली. तिला ठाऊक नव्हतं. तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

"व्हू कम्प्लेन्ड?" तिने विचारलं.

ते अर्चनाला आदल्या रात्रीच कळलं होतं. मंडळाच्या फायलीत व्याख्यानाची रूपरेषा होती, फॅक्सने आलेली. वरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचून ती सरळ दिवा मालवून झोपायला गेली होती आणि झोपली नव्हती.

५

मंगळवारी दत्तप्रसाद मुसफ्फाहून परतले तेव्हा अर्चना त्यांच्या हॉलमध्ये बसलेली होती. शोभना समोर, मुग्धा दारात. टेबलावर तो जुना फॅक्स आणि त्याच्यावर उघडी वही.

"हा नंबर तुमच्या ऑफिसचा आहे, भावजी."

त्यांनी चष्मा पुसला. परत घातला. "मी चोर म्हटलं नव्हतं. चौकशी करा, एवढंच लिहिलं होतं."

"अहो!" शोभना उभी राहिली. "तुम्ही लिहिलंत?"

"कोणीतरी करायला हवं होतं ना! शोधत बसायला वहिनींना दोन-तीन दिवस हवे, तोवर कागद गोव्याला पोचला असता!"

"सही का नाही केलीत?" अर्चनाने विचारलं.

"शेजारी आहे. सहा वर्षांचा संबंध. उगाच मनात अढी यायला नको म्हणून..."

अर्चनाचा आवाज चढला. तिला तो आवरायचाच नव्हता. "तुम्ही महिनाभर मला त्या व्याख्यानाचे कागद पाठवताय. पान तीन: आरोपीला फिर्यादीचं नाव कळत नसे. पान चार: आरोप न सांगता कबुली मागत. मी टाइप केलंय ते, भावजी, माझ्या लंच ब्रेकमध्ये! आणि खाली तो माणूस चार दिवस विचार करतोय, की आपण काय कबूल करायचं! तुम्हाला झालंय तरी काय सगळ्यांना?"

मुग्धा पुढे आली. तिच्या हातात प्लास्टिकच्या कव्हरमध्ये मूळ पत्र होतं, आणि भाषांतराचं पान.

"बाबा, मीच घेतलं होतं. सॉरी. मी वाचू?"

ती मराठीतून वाचायला लागली. अडखळत, शब्द शोधत. पत्र १७४३ सालचं होतं. वॉरंट नव्हतं. अभयपत्र होतं. लोटली गावचा हिंदू विठोबा शेणवी याने पवित्र न्यायालयाची चांगली सेवा केली आहे. आपल्या मयत भावाची ख्रिस्ती झालेली विधवा कातारीना हिच्याविषयी त्याने खरी माहिती दिली, की ती भात मिठाशिवाय शिजवते, हिंदू शिजवतात तसा, आणि परसात तुळस ठेवते. सबब या विठोबास आणि भावाकडून त्याच्याकडे आलेल्या शेतास कोणी उपद्रव देऊ नये.

"भात मिठाशिवाय?" शोभना पुटपुटली. "तेवढ्यासाठी?"

"त्याला बंदी होती," दत्तप्रसाद म्हणाले. हे त्यांच्या व्याख्यानात होतं, पान सहावर. ते सोफ्यावर बसले. मुग्धाच्या हातातून त्यांनी तो पिवळा कागद घेतला. लहानपणापासून त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

"इनासला हे वाचता आलं असणार," ते म्हणाले. "जानेवारीतच."

"हो," अर्चना म्हणाली.

"मग त्याने मला सांगितलं का नाही?"

"खाली जा आणि त्यालाच विचारा. मी काय सगळ्यांची उत्तरं घेऊन फिरते का?"

६

ते गेले. अर्चनाला त्यांनी सोबत यायला सांगितलं आणि ती गेली, कारण एकटे पाठवले असते तर ते जिन्यातूनच परत आले असते.

इनासने दार उघडलं. दत्तप्रसाद उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "तो फॅक्स माझा होता."

"नंबर पाठ आहे मला, दत्ता. माझ्या मुलीच्या ॲडमिशनचे कागद तिथूनच पाठवले होतेस तू."

"आणि तू बोलला नाहीस."

"काय बोलू?"

"आणि पत्राचं? तेही वाचलं होतंस ना?"

इनासने चौकटीला हात टेकला. "वाचलं. तीनदा. वाटलं, तू एवढ्या प्रेमाने सांभाळलंय, तुझ्या पूर्वजाची लाज माझ्या तोंडून तुला कशाला कळायला हवी? कॅथलिक माणसाने हिंदूला सांगायचं, की फितुरी तुझ्याच घरातून झाली? तुला ते कसं ऐकू आलं असतं? चूक झाली माझी. सांगायला हवं होतं."

"ती कातारीना... तुमच्यापैकी कोणी होती का?"

"माझ्या नात्यातली नव्हे ती," इनास म्हणाला. "तुझ्या नात्यातली होती. तुझ्या घरची सून."

बुधवारी सकाळी दत्तप्रसाद ऑफिसला गेले नाहीत. इनासच्या कंपनीत जाऊन त्यांनी मॅनेजरच्या समोर लिहून दिलं: तक्रार माझी, ती खोटी होती, कागद माझ्याच घरात सापडला. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. मॅनेजर चिडला, अशा माणसावर उलट केस करता येते म्हणाला. "करा," दत्तप्रसाद म्हणाले. केस झाली नाही. इनास शनिवारी पुन्हा कामावर रुजू झाला, पण त्यांच्या गाडीतून नाही. कंपनीच्या बसने जाऊ लागला.

शुक्रवारचं व्याख्यान रद्द करावं असं सुजीतचं मत पडलं. "वहिनी, पब्लिकला काय सांगणार आपण? थीमच बदलतेय!"

"सुजीत," अर्चना म्हणाली, "मी शंभर खुर्च्या सांगून ठेवल्यात. व्याख्यान होणार."

दत्तप्रसादांनी तयार केलेलं भाषण वाचलंच नाही. त्यांनी पत्र पूर्ण वाचून दाखवलं, आधी मुग्धाचं भाषांतर, मग शारजाच्या प्राध्यापकांना मूळ वाचायला लावलं. प्राध्यापकांनी दोन शब्द दुरुस्त केले आणि मुलीचं कौतुक केलं. मग दत्तप्रसादांनी, आपण गेल्या शनिवारी काय केलं ते सांगितलं. कोणाविषयी ते सांगितलं नाही, पण स्वतःचं नाव घेतलं. सुजीत मध्येच उठून बाहेर गेला आणि पाच मिनिटांनी परत येऊन मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

प्रश्न विचारा म्हटलं तर कोणी विचारेना. शेवटी एका आजींनी हात वर केला. "त्या बाईचं पुढे काय झालं हो?"

"माहीत नाही," दत्तप्रसाद म्हणाले. "न्यायालय बंद झालं तेव्हा बहुतेक कागद नष्ट केले. धरून नेली असेल. सुटली असेल. काहीच कळायला मार्ग नाही. तिचं नाव आता फक्त या एका कागदावर आहे, आणि तो कागद तिच्याविरुद्धचा आहे."

शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, इनास बसला होता. तो कधी आला ते अर्चनाला कळलं नव्हतं. तो उभा राहिला.

"नाव परत एकदा सांग, दत्ता," तो म्हणाला. "मागे नीट ऐकू आलं नाही."

दत्तप्रसादांनी माइक बाजूला केला.

"कातारीना," ते मोठ्याने म्हणाले. "लोटलीकरांची कातारीना."